एकशे अठ्ठेचाळीस नंबरची बाई

१

सकाळी पावणेदहाला बसमधून उतरताना कुलूपबाईंची चप्पल पायरीत अडकली. तोल सावरायला त्यांनी थांब्याचा खांब धरला आणि मान वर केली. काचेआड झोपेच्या गोळ्यांची नवी जाहिरात लागली होती. माणसाच्या उंचीएवढा एका बाईचा काळापांढरा चेहरा, थकलेले डोळे आणि खाली ठळक अक्षरांत ‘आज तरी झोपा’.

ती बाई कुलूपबाईंच्या ओळखीची होती. तिचा नंबर एकशे अठ्ठेचाळीस. तिने त्या क्षणी रस्त्यापलीकडच्या संग्रहालयात, तळघरातल्या पेटीत, काचेच्या निगेटिव्हवर असायला हवं होतं.

कुलूपबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. संग्रहालयाच्या डिजिटल विभागात त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि या बावीस वर्षांत त्यांनी ‘नाही’ हा शब्द जितक्या वेळा उच्चारला, तितक्या वेळा लोक ‘हॅलो’ म्हणत नसतील. फोटो पाहता येईल, नेता येणार नाही. वाचता येईल, छापता येणार नाही. एकदा खुद्द मंत्र्यांच्या सचिवाला त्यांनी मोबाइल बाहेर ठेवायला लावला होता, तेव्हापासून हे नाव पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

एकशे अठ्ठेचाळीस नंबर मात्र त्यांच्यासाठी नुसता नंबर नव्हता. फार वर्षांपूर्वी मनोरुग्णांच्या एका इस्पितळात एक फोटोग्राफर नोकरीला होता. दाखल होणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढणं हे त्याचं काम. त्याच्या दोनशे बारा निगेटिव्ह त्याच्या मुलीने पाच वर्षांपूर्वी संग्रहालयाला दिल्या. ती आता अठ्ठ्याहत्तरची, निवृत्त शिक्षिका, सगळे तिला मावशी म्हणत. काच दिली, पण कॉपीराइट तिने स्वतःकडेच ठेवला. अट एकच होती. फोटो वाचनकक्षात बसून पाहावेत, बाहेर कुणाला वापरायला देऊ नयेत. करारपत्राच्या दुसऱ्या पानावर, टाइप केलेल्या मजकुराखाली, तिने शाळामास्तरणीच्या गोल अक्षरात स्वतः एक ओळ लिहिली होती : ‘आईला विकू नका.’ एकशे अठ्ठेचाळीस नंबरवर तिची आई होती. फोटोग्राफरने स्वतःच्या बायकोलाही त्याच खुर्चीत बसवलं होतं.

कुलूपबाईंनी तेव्हा मावशींचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. त्या रस्ता ओलांडून धावतच दारापाशी आल्या आणि यंत्रावर आपलं कार्ड टेकवलं.

हिरवा दिवा लागला नाही. लाल लागला.

२

दार आतून संचालकांनी उघडलं. हे साहेब येऊन दोनच वर्षं झाली होती. माणूस कामाला वाघ, बोलायला सुकं लाकूड. बसा म्हणायच्या आधी त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले.

पहिला कागद म्हणजे एका फोटो-कंपनीला दिलेला परवाना. दोनशे अकरा फोटो, वाटेल त्या कामासाठी, वाटेल त्या देशात. खाली डिजिटल विभागाचा शिक्का आणि कुलूपबाईंची सही. सही त्यांच्यासारखी होती, त्यांची नव्हती. पण हे सांगून पटणार कुणाला? दुसरा कागद मावशींच्या करारपत्राचा. पहिलं आणि तिसरं पान जुनं, सह्या खऱ्या. दुसऱ्या पानावर मात्र लिहिलं होतं, की या फोटोंच्या प्रती इतरांना वापरायला देण्याचा पूर्ण हक्क संग्रहालयाला राहील. त्याखालची जागा कोरी होती. गोल अक्षरातली ओळ गायब.

कुलूपबाईंच्या पायाखालची वाळू सरकली. पान बदललंय, असं त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, करारपत्राची प्रत एकच, फाइल तुमच्या कपाटात, फोटोंची डिस्क तुमच्या कार्डाने उघडते आणि बाहेरचा कुठलाही परवाना तुमच्या सहीशिवाय निघत नाही.

“आणि त्या फोटो-कंपनीत तुमचे दीर नोकरीला आहेत,” साहेब म्हणाले. “हे मला तुमच्याकडून कळायला हवं होतं.”

बाईंना साहेबांचाच संशय आला. गेल्याच वर्षी हे फोटो विकायचा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता आणि बाईंनी तो हाणून पाडला होता. पण बाई हे बोलल्या असत्या तर चोराच्या उलट्या बोंबा ठरल्या असत्या.

पाच वाजता विश्वस्त मंडळाची बैठक होती. तोवर बाईंनी वाचनकक्षात थांबायचं, कार्ड बंद, कुणाला भेटायचं असेल तर पहारेकरी दार उघडेल. साहेबांनी एवढं सांगितलं आणि पुढचं म्हणताना नजर खिडकीकडे वळवली.

“पाचपर्यंत काही सांगता आलं नाही, तर प्रकरण पोलिसांत जाईल. मावशींना मी स्वतः कळवीन.”

वाचनकक्षाचं काचेचं दार पाठीमागे लागलं. खिडक्या हवेच्या नियमनासाठी कायमच्या बंद. मोबाइल बाहेरच्या खणात आणि खण उघडतो कार्डाने. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक संगणक, ज्यावर फोटो दिसतात पण त्यांची प्रत निघत नाही. ही सगळी व्यवस्था बाईंनीच हौसेने लावून घेतली होती. पळवाट राहू नये म्हणून त्या तेव्हा आठवडाभर झटल्या होत्या आणि खरोखरच एकही राहिली नव्हती.

त्यांनी डोळे मिटले. दारावर टकटक झाली. आज गुरुवार आहे हे त्या विसरल्याच होत्या. काचेपलीकडे मावशी उभ्या होत्या.

३

मावशी दर गुरुवारी अकराला येत, आईसमोर दहा मिनिटं बसत आणि जात. पाच वर्षांत त्यांनी एकही गुरुवार चुकवला नव्हता. आज त्या बसल्या आणि छत्री मांडीवर आडवी ठेवली. बाईंनी सवयीने एकशे अठ्ठेचाळीस नंबर उघडून दिला.

“थांब्यावर पाहिलं मी,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही विकलीत?”

“नाही.”

“मग कुणी?”

“ठाऊक नाही. पाच वाजेपर्यंत शोधते.”

मावशींनी मान हलवली. विश्वास ठेवला की नुसतंच ऐकून घेतलं, ते चेहऱ्यावरून कळेना. वर्गात चोरी झाल्यावर शिक्षिका साऱ्या बाकांवरून जशी नजर फिरवते, तशी त्यांची नजर खोलीभर फिरली. मग त्या पडद्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, “एक सांगू? राग मानू नका. इथे बघते ना, तेव्हा आई मला नेहमी थोडी परकी वाटते. कुणा मावस बहिणीचा फोटो असावा तशी. मी सहा वर्षांची होते ती गेली तेव्हा, म्हटलं विसरले असेन. पण आज थांब्यावर बघितली आणि पाऊल थांबलंच. तिथे ती घरची वाटली हो. जाहिरातीतली आई घरची, आणि तुमच्या पडद्यावरची परकी.”

बाईंना हा टोमणाच वाटला. तुम्ही जपलेली आई परकी आणि विकलेली घरची, असं एखादी मुलगी म्हणाली तर दुसरं काय समजायचं? त्यांचे डोळे भरून आले. मावशी उठल्या, पाच वाजता मीही येते म्हणाल्या आणि दारापाशी थांबून पुन्हा एकदा पडद्याकडे पाहून गेल्या.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. पडद्यावर एकशे अठ्ठेचाळीस तशीच उघडी होती, ती बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि ते बरंच झालं.

४

दीर आले ते साडेबाराला, घामाघूम. फोटो-कंपनीत ते हिशेबनीस, फोटोंशी त्यांचा संबंध कँटीनच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपुरता. संचालकांनी फोन करून झाडलं तेव्हा त्यांना प्रकरण कळलं.

“वहिनी, शपथ घेऊन सांगतो, मला काही माहीत नाही. पण हे बघा, कंपनीच्या साइटवर सगळे फोटो आहेत. तुम्हाला दाखवायलाच आलोय.” असं म्हणत त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

“भावजी, मोबाइल आत चालत नाही.”

दीर बघतच राहिले. “वहिनी, तुमची नोकरी चाललीय!”

“नियम नियम आहे.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं पुटपुटत दीर बाहेर गेले. दार लागलं. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी बाहेरूनच मोबाइल काचेला टेकवला आणि आतल्या वहिनीला बोटाने खूण केली. नियमात काच ओलांडू नये असं होतं, काचेला चिकटू नये असं नव्हतं. बाई उठून दारापाशी गेल्या.

मोबाइलवर एकशे अठ्ठेचाळीस होती. तीच केसांची बट, तेच डोळे, भुवईवरचा तोच जुना व्रण. आणि तिच्या शेजारी, काचेतच, आणखी एक एकशे अठ्ठेचाळीस तरंगत होती. बाई दचकल्या. मग लक्षात आलं, पाठीमागच्या संगणकाचं ते काचेत पडलेलं प्रतिबिंब.

दोन चेहरे शेजारी शेजारी, अगदी सारखे. व्रण दोघींच्याही एकाच बाजूला.

बाईंनी झटकन वळून खऱ्या पडद्याकडे पाहिलं. तिथे व्रण दुसऱ्या बाजूला होता. मोबाइलमधली बाई पडद्यावरच्या बाईसारखी नव्हती, पडद्याच्या प्रतिबिंबासारखी होती. कंपनी विकत होती तो फोटो उलटा होता.

त्यांनी दिरांना खुणेने पुढचे फोटो दाखवायला लावले आणि स्वतः संगणकावर तेच उघडत गेल्या. संग्रहाचे नंबर एकशे एकपासून सुरू होत. एकशे एक, उलटा. एकशे चाळीस, उलटा. एकशे साठ, उलटा. एकशे एकसष्ट मात्र सुलटा, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत सगळे सुलटे. जाहिरातवाल्याने एखादा फोटो सोयीसाठी उलटवला असता तर समजण्यासारखं होतं. बरोबर पहिले साठच कोण उलटवेल?

“एकशे बारा कुठाय?” त्यांनी काचेतून ओरडून विचारलं.

दिरांनी शोधलं. “तो नाही! यादीत लिहिलंय, सदोष म्हणून वगळला!”

एकशे बारा या फोटोत रुग्णामागच्या भिंतीवर इस्पितळाची पाटी होती. फोटो उलटा असेल तर पाटीवरची अक्षरंही उलटी दिसणार, म्हणून कुणीतरी तो बाजूला टाकला होता.

बाई खुर्चीत येऊन बसल्या. चोर कुठल्या वाटेने आला ते त्यांना कळलं होतं. पण ती वाट दाखवायची तर स्वतःच्या एका जुन्या खोटेपणावरून जावं लागणार होतं.

५

या निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्या माणसाला बाईंनी पहारेकऱ्याकरवी निरोप धाडला. हा स्कॅनवाला दोनला आला. चाळिशीतला माणूस, कंत्राटी, हात कुशल आणि स्वभाव घाबरट. बाईंनी दार लागायची वाट पाहिली आणि सरळ विचारलं, “तुझ्याकडे जुने स्कॅन आहेत का?”

तो पांढरा पडला. बाई कुठल्या स्कॅनविषयी विचारतायत हे त्याला विचारावंच लागलं नाही.

काचेच्या निगेटिव्हला एक मसाल्याची, म्हणजे चित्र उमटतं ती बाजू असते आणि एक कोरी. स्कॅनरवर ती पालथी पडली की फोटो उलटा येतो. पाच वर्षांपूर्वी पहिल्या दोन पेट्या, म्हणजे बरोबर साठ निगेटिव्ह, त्याने पालथ्या घातल्या होत्या. काम पुरं झाल्यावर अकरा दिवसांनी एका वाचकाने एकशे बाराची उलटी पाटी दाखवली. तोवर बाईंनी काम निर्दोष असल्याचा दाखला सही करून दिला होता. चूक कळवली असती तर त्याचं कंत्राट गेलं असतं, त्याची बायको तेव्हा इस्पितळात होती. बाईंनी गुपचूप आपल्या डिस्कवरचे साठ फोटो सरळ केले आणि तो दाखला तसाच राहू दिला. बावीस वर्षांतलं त्यांचं हे एकच खोटं.

“माझ्याकडे काही नाही, बाई. तेव्हाच पुसलं सगळं. आणि माझ्या फायलींना मशीनचे नंबर होते, लांबलचक. एकशे एक, एकशे दोन हे तुमचे नंबर. ते तुम्ही माझ्याकडून ताब्यात घेतल्यावर दिलेत. मला आजही ठाऊक नाही कुठल्या फोटोला कुठला नंबर आहे.”

हे खरं होतं. कंपनीच्या साइटवर तर बाईंचेच नंबर होते.

तो गेल्यावर बाईंनी कागदावर मांडणी केली. स्कॅनवाल्याची प्रत उलटी, पण तिच्यावर बाईंचे नंबर नाहीत. तळघरातल्या डिस्कवर नंबर आहेत, पण फोटो पाच वर्षांपासून सरळ. चोरीचे फोटो उलटेही होते आणि त्यांच्यावर नंबरही होते. नंबर दिल्यानंतर आणि सरळ करण्याआधी, त्या अकरा दिवसांत काढलेली प्रतच अशी असणार.

अशी प्रत होती, एकच. संग्रहालयाची पद्धत होती, की आग लागली तर सगळं जाऊ नये म्हणून प्रत्येक संग्रहाची दुसरी डिस्क पहिल्याच दिवशी दुसऱ्या इमारतीत ठेवायची. ती परत मागवली असती तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून बाईंनी ती कधी सुधारलीच नाही. ती कुणाच्या तिजोरीत होती हे आठवलं आणि बाईंनी पेन खाली ठेवलं.

दार उघडलं. वकीलकाका हसतमुखाने आत आले, हातात चहाचे दोन पेले.

६

विश्वस्त मंडळाचे वकील सगळ्यांचेच काका होते. मावशींचं करारपत्र त्यांनीच तयार केलं होतं आणि एकच प्रत पुरे, हेही त्यांनीच सुचवलं होतं. बाईंच्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या होत्या. वाचनकक्षात चहा चालत नाही हे माहीत असूनही त्यांनी पेला बाईंसमोर ठेवला, आणि बाईंनी पहिल्यांदाच काही म्हटलं नाही.

“बाळ, मी दिवसभर तुझाच विचार करतोय,” ते म्हणाले. “हे प्रकरण पोलिसांत गेलं तर तू आणि तुझे दीर दोघंही अडकाल. मी साहेबांशी बोललोय. तू राजीनामा दे, मंडळ फाइल मिटवेल. मावशींना मी समजावीन. म्हातारं माणूस, दोन गोड शब्द पुरतात.”

त्यांनी खिशातून कागद काढला. राजीनामा टाइप करून तयार होता, फक्त सही बाकी. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मध्ये काकांनी मायेने टाकलेली ही एक फळी. बाईंचा क्षणभर मोह झाला. सही केली की पाच मिनिटांत हे दार उघडेल, त्या दाखल्याचं कुणाला कळणार नाही, आपण घरी. पेन उचललंही गेलं.

मग त्यांना छत्री मांडीवर घेऊन बसलेल्या मावशी आठवल्या. फळीवरून आपण पार जाऊ, आणि मावशींची आई थांब्याथांब्यावर उभी राहील.

“काका, तेवढं बैठकीतच करते,” त्या म्हणाल्या. “पण एक सांगा, आमच्या दुसऱ्या डिस्का सुरक्षित आहेत ना? नाहीतर त्याचाही ठपका माझ्यावरच यायचा.”

काकांना हायसं वाटलेलं दिसलं. “अगदी निर्धास्त राहा. माझ्या तिजोरीत आहेत, किल्ली माझ्या चष्म्याच्या घरात. पाच वर्षांत दुसऱ्या माणसाचा हात लागलेला नाही. दरवर्षी तसा दाखला मी माझ्या सहीने देतो.”

“हे मंडळासमोर सांगाल?”

“तुझ्यासाठी एवढंही करणार नाही का?”

७

पाच वाजता पहारेकऱ्याने बाईंना सभागृहात नेलं. लांब टेबलाभोवती पाच विश्वस्त, एका टोकाला साहेब, शेजारी वकीलकाका. भिंतीपाशी खुर्चीवर मावशी. दीर आणि स्कॅनवाला दाराजवळ उभे, घरातलं आजारपण ऐकायला आल्यासारखे.

काकांनी दिलेला शब्द पाळला. दुसऱ्या डिस्का आपल्याच ताब्यात आहेत, आपल्याखेरीज कुणी तिजोरी उघडत नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. बाईंनी लिहिणाऱ्या कारकुनाला ते वाक्य वाचून दाखवायला सांगितलं. त्याने वाचलं. मग बाई म्हणाल्या, मावशींच्या संग्रहाची ती डिस्क आत्ता इथे आणावी, आणि साहेबांनी स्वतः सोबत जावं.

काका म्हणाले, त्याची काय गरज? साहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ते उठले. काकांची कचेरी समोरच्याच इमारतीत होती. किल्ली काकांकडे, म्हणून दोघंही गेले आणि वीस मिनिटांत परतले. डिस्क आली, पडद्यावर एकशे बारा नंबर उघडला. भिंतीवरच्या पाटीची सगळी अक्षरं उलटी होती.

बाई उभ्या राहिल्या.

“आधी माझा गुन्हा सांगते,” त्या म्हणाल्या. “पाच वर्षांपूर्वी मी खोटा दाखला दिला.”

त्यांनी सगळं सांगितलं. पालथ्या घातलेल्या साठ निगेटिव्ह, अकरा दिवस, गुपचूप केलेली दुरुस्ती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. दाराशी स्कॅनवाला मान खाली घालून उभा होता. मग बाईंनी तीन प्रतींची मांडणी केली : एक उलटी पण बिननंबरी, एक नंबरची पण सुलटी, आणि एक नंबरची आणि उलटी. दिरांनी कंपनीची साइट उघडून दाखवली. पहिल्या साठांतला एकशे बारा वगळलेला, उरलेले एकोणसाठही उलटे, नंबर बाईंचे.

“फोटो माझ्या डिस्कवरून गेले असते तर सरळ असते. ते काकांच्या तिजोरीतून गेलेत. आणि तिजोरीला दुसऱ्या माणसाचा हात लागलेला नाही, असं काकांनी आत्ताच सांगितलंय.”

साहेबांनी विचारलं, “करारपत्राचं पान?”

“काकांनीच टाइप केलं होतं, दुसऱ्यांदा टाइप करायला किती वेळ? फाइल दरवर्षी तपासणीसाठी त्यांच्याकडे जाते, आणि नक्कल करायला माझी सही आणि शिक्काही तिच्यातच आहे. पण त्या पानावर मावशींच्या हातची एक ओळ होती. ती टाइपरायटरला कशी जमणार?”

सगळे मावशींकडे वळले. मावशींनी छत्री भिंतीला टेकवली, पुढे आल्या, कारकुनाच्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्या वहीत ती ओळ लिहिली. तीन शब्द, गोल अक्षरात. एका विश्वस्ताने ते वाचलं आणि वही शेजारच्याकडे सरकवली.

काका चष्म्याच्या घराशी चाळा करू लागले. मग म्हणाले, “बंद पेटीत पडून होते ते चेहरे. कुणी बघत नव्हतं. दलालीपुरतं म्हणून नव्हे, मला खरंच वाटलं, कुणाचं काय जातंय?”

“माझी आई गेली,” मावशी म्हणाल्या. “दुसऱ्यांदा.”

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. साहेबांनी पोलिसांना आणि फोटो-कंपनीला त्याच खोलीतून फोन केला. परवाना खोटा असल्याने फोटो आजच्या आज उतरवावे लागतील आणि जाहिरातीही, हे त्यांनी इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं, की पलीकडच्या माणसाने वाद घातला नाही. मग ते बाईंकडे वळले.

“खोट्या दाखल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होईल.”

“व्हायलाच हवी,” बाई म्हणाल्या आणि गळ्यातलं बंद पडलेलं कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. “फक्त आज सहापर्यंत मला वाचनकक्षात एक काम आहे.”

साहेबांनी कार्ड उचललं आणि स्वतः उठून त्यांच्यासाठी दार उघडलं.

८

वाचनकक्षात मावशी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. बाईंनी पडद्यावर सरळ केलेला एकशे अठ्ठेचाळीस उघडला आणि माफी मागितली. चूक तेव्हाच कबूल केली असती तर दुसरी डिस्कही सरळ झाली असती, आणि मग चोर कधी सापडलाच नसता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. यातलं काय बरं आणि काय वाईट, त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं.

“ती तिजोरीतली डिस्क आता पुसून टाकणार?” मावशींनी विचारलं.

“खटला संपला की. सदोष प्रत आहे ती.”

मावशी पडद्याकडे पाहत राहिल्या. मग छत्रीच्या मुठीवरून बोट फिरवत म्हणाल्या, “आई रोज सकाळी मला आरशासमोर बसवायची आणि मागे उभी राहून माझी वेणी घालायची. वळून बघितलं की रागवायची, वेणी सुटते म्हणून. ती गेली तोवर मी तिला जास्त करून आरशातच बघितलंय. व्रण त्या उलट्या फोटोतल्या बाजूला. मला आता कळलं, थांब्यावर ती घरची का वाटली ते.”

सकाळी ज्याला कुलूपबाई टोमणा समजल्या होत्या, ते एका सहा वर्षांच्या मुलीने दिलेलं उत्तर होतं आणि ते त्यांना दिवसभर कळलं नव्हतं.

“सदोष प्रतीतला तो एक फोटो मला मिळेल का?” मावशींनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. “म्हणजे, नियमात बसत असेल तर. घरी न्यायला.”

बावीस वर्षं ज्या प्रश्नाला बाईंनी एकच उत्तर दिलं होतं, तो प्रश्न समोर होता. बाईंनी डोळे पुसले.

“मावशी, कॉपीराइट तुमचा आहे,” त्या म्हणाल्या. “मला कसलं विचारता? परवानगी तुम्ही द्यायची.”

मावशींनी छत्री बाजूला ठेवली. मग खुर्चीत सरळ बसल्या, वर्गात हजेरी घेताना बसत असतील तशा.

“दिली,” त्या म्हणाल्या.